विमानं ऐकणारे आम्ही चौघं

ऐकायचा छंद असलेल्या माणसांकडे सांगण्यासारखं काय असणार, असं आम्हालाही वाटायचं. पण चार वर्षं एकमेकांच्या छतांवर चढ-उतर केली आणि गोष्टी आपोआप साठत गेल्या.

छंद साधा आहे. वरून जाणारं विमान आपला नंबर, उंची आणि ठिकाण रेडिओवर सारखं सांगत जातं. पेन ड्राइव्हएवढं एक स्वस्त डोंगल कॉम्प्युटरला लावायचं, त्याला अँटेना जोडायचा. बाकीचं सॉफ्टवेअर करतं आणि विमान नकाशावर ठिपका होऊन दिसतं. अवघड एकच गोष्ट आहे, नीट ऐकू येणं.

जबलपूरच्या विजय नगरात मी, बोबडे, वीज खात्यातून रिटायर झालेला. अधारतालला मेश्रामजी, त्यांची सगळी नोकरी टेलिफोनच्या केबलींचे जोड मारण्यात गेली. तिसरी दीप्ती, कॉलेजात फिजिक्स शिकवते. मराठी सगळं समजतं तिला, उत्तर हिंदीत देते. चौथे ठाकरे, त्यांचं नंतर सांगतो.

*

पहिला अँटेना मी खिडकीत ठेवला होता. जेमतेम डुमनाच्या विमानतळापर्यंतची विमानं दिसायची. दीप्तीने हिशेब करून सांगितलं, "अंकल, तांबे के पाँच टुकड़े, सात सेंटीमीटर से ज़रा कम।" एक उभा, चार खाली वाकवलेले. मेश्रामजींनी बायकोच्या शिवणाच्या टेपने मोजून कापले. तो मी छतावर लावला आणि घरात पडून असलेली टीव्हीची जुनी वायर जिन्यातून थेट दिवाणखान्यात आणली. दिवसभर खपलो.

विमानं खिडकीत होती त्याहून कमी झाली.

मेश्रामजी आले, वायर हातात धरून खालपासून वरपर्यंत चालत गेले. वर पोचल्यावर म्हणाले, "बोबडेजी, विमान इथवर येऊन राहिलं. तुमच्या जिन्यात मरून राहिलं." आणि खिशातून पक्कड काढून त्यांनी वायर कापली. वीतभर ठेवली. डोंगल आणि छोटा कॉम्प्युटर वरच, पाण्याच्या टाकीच्या सावलीत, आइस्क्रीमच्या रिकाम्या डब्यात बसवला. त्या संध्याकाळी नागपूरच्या पलीकडचं विमान दिसलं. मेश्रामजी नागपूरचेच. बराच वेळ त्या ठिपक्याकडे बघत राहिले.

*

काही दिवसांनी शेजारचे दुबेजी आले. हात जोडूनच उभे राहिले. "बोबडेजी, यह टावर हटा लीजिए। घर में कैंसर का मरीज़ है।"

त्यांच्या पत्नीची कीमो चालू होती. अशा वेळी वाद काय घालायचा? मी पाना घेऊन वर गेलो. पहिला नट सैल केला तेवढ्यात त्यांच्या छतावर भाभीजीच आल्या. डोक्याला स्कार्फ, हात कठड्यावर.

"इसमें से क्या निकलता है भैया?"

"कुछ नहीं निकलता भाभीजी. हा... यह सिर्फ सुनता है।"

त्यांनी मान वर करून अँटेना बघितला. मग म्हणाल्या, "तो लगा रहने दीजिए। हमारे यहाँ तो सब बोलते ही हैं।"

मी नट परत आवळला. त्या दिवसापासून दुबेजींनी विषय काढला नाही. कधी कधी संध्याकाळी ते पत्नीजवळ गप्प बसलेले दिसायचे.

*

मेश्रामजींच्या घरासमोर मोबाइलचा टॉवर आहे. त्यांच्याकडे विमानं जवळजवळ दिसायचीच नाहीत. मी सिग्नल वाढवणारा अॅम्प्लिफायर नेऊन लावला, तर होती नव्हती तीही गेली.

मेश्रामजींनी कानातलं यंत्र काढून माझ्या तळहातावर ठेवलं. ते कानाने अधू आहेत, हे मला तोवर माहीत नव्हतं.

"याचंही असंच आहे," ते म्हणाले. "आवाज वाढवला का गोंगाटच वाढते. लग्नात मी काहून कोपऱ्यात बसतो? नातू बोलते, अन् मले बँड ऐकू येते."

दीप्तीने फिल्टर मागवला. टॉवरचं गाळून टाकायचं, विमानाचं तेवढं आत घ्यायचं, मग वाढवायचं. फिल्टर लागला आणि स्क्रीन ठिपक्यांनी भरली. मेश्रामजींनी डोळे पुसले आणि दीप्तीला विचारलं, "बेटा, असा कानाले नाही मिळत का?"

पुढच्या शनिवारी दीप्ती त्यांना कानाच्या डॉक्टरकडे घेऊन गेली.

*

काही जुनी विमानं आपला नंबर सांगतात, ठिकाण सांगत नाहीत. तोच सिग्नल चार ठिकाणी नेमका केव्हा केव्हा पोचला, यावरून ते ठिकाण काढता येतं. आमची घरं तीन. चौथं मिळालं शहराबाहेर बरगीला, ठाकऱ्यांचं. शेती आणि मोटर रिवाइंडिंगचं काम करणारा माणूस. धरणाच्या काठी घर, समोर सगळं पाणी, आड काहीच नाही. बांबूवर अँटेना चढवला आणि पहिल्याच दिवशी आम्हा तिघांपेक्षा लांबचं ऐकलं. रोज संध्याकाळी सर्वांत लांबचं विमान किती किलोमीटरवर होतं, ते ठाकरे एका वहीत लिहायचे.

उन्हाळ्यातल्या एका सोमवारी ते तांब्याची तार घ्यायला जबलपूरला आले आणि दुकानाच्या पायरीवरच कोसळले. दवाखान्यात पोचेपर्यंत संपलं होतं. संध्याकाळी त्यांना बरगीला नेलं.

तेराव्याला आम्ही तिघं गेलो. अँटेनाचा विषय कोणी काढला नाही. महिन्याभराने वादळ झालं आणि बरगीचा सिग्नल बंद पडला. तेव्हाही फोन केला नाही. कोणत्या तोंडाने विचारायचं? तिसऱ्या दिवशी सिग्नल आपोआप आला, आधीपेक्षा चांगला.

रविवारी गेलो. बांबूला दुसरा बांबू जोडून अँटेना उंच केला होता. मेश्रामजींनी जोडावरून हात फिरवला.

"कोणी मारला हा जोड?"

"मीच," ठाकरे वहिनी म्हणाल्या.

"मले फोन करायचा ना, वहिनी."

"जमून गेलं." त्या चहा ठेवायला आत गेल्या.

कॉम्प्युटरशेजारी वही होती. दीप्तीने उघडली. पुढची पानं वहिनींच्या अक्षरात होती, एकही दिवस सुटलेला नव्हता, सिग्नल बंद होता त्या दिवसांपुढेही शून्य लिहिलं होतं. ती मागे मागे जात त्या सोमवारपाशी थांबली. तिथेही आकडा होता. वहिनींच्याच अक्षरात.

वहिनी कप घेऊन आल्या. दीप्तीने हळूच विचारलं, "काकी... उस दिन भी?"

वहिनींनी कप खाली ठेवले.

"सकाळी निघताना सांगून गेले होते," त्या म्हणाल्या. "आज तू लिहून ठेवजो, मले यायला उशीर होईन."