इतक्या पायांची माफी

आमच्या घरात हत्यारं म्हणजे कातर, चाती आणि धारेचा दगड. कातर मेंढीची लोकर कातरायला, चाती तिचं सूत काढायला. तलवार-बंदूक आमच्यात कुणी जन्मात हातात धरली नाही. सुताराची हत्यारं, न्हाव्याची हत्यारं, तशी आमची ही हत्यारं. दसऱ्याला ती धुऊन, भंडारा लावून पुजायची. चुकून पाय लागला तर हात लावून तो कपाळाला न्यायचा. ओलांडायची तर मुळीच नाहीत.

हे आधी सांगते, कारण 'हत्यारं' हाच शब्द चिकलठाण्याच्या विमानतळावर आबांच्या, माझ्या वडलांच्या, तोंडून निघाला आणि सगळी रांग थांबली.

दुष्काळाची वर्षं होती ती. फुलंब्रीकडचं आमचं गाव टँकरवर जगत होतं. आबा मेंढरं घेऊन गोदाकाठापर्यंत जाऊन आले, पण तिथंही चारा नव्हता. परतून बघतात तर ज्या माळावर ती चरायची तिथं चुन्याच्या रेघा आणि प्लॉटची पाटी. शहर आमच्याकडं आलं आणि मेंढरं बाजारात गेली. मी तोवर बी.ए. होऊन वाळूजच्या एका कंपनीच्या ऑफिसात लागले होते. आमच्या अख्ख्या भावकीत कॉलेजची पायरी चढलेली मी पहिली, आणि हे मी कुणालाही न लाजता सांगते. आबांना मी माझ्याकडं खोलीवर आणलं. ते बांधकामांवर राखणीला जायचे. सुट्टीच्या दिवशी गॅलरीत बसून कातरीला तेल द्यायचे. कातरायला घरात काही नव्हतं, पण कातर तयार असायची.

अशात कॉलेजातल्या आमच्या मॅडमचा फोन आला. दिल्लीला कारागिरांचं प्रदर्शन होतं. मेंढीपासून सुतापर्यंतचं सगळं काम लोकांसमोर करून दाखवणारा माणूस हवा होता. जायचं-यायचं विमानानं. मी आबांना विचारलं.

"दिल्लीला मेंढरं हायेत का?"

"एक मेंढी आणणार आहेत तुमच्यासाठी."

"एक? एकली मेंढी भेती. दोन आणा म्हणावं."

मी तसं कळवलं आणि त्यांनी खरंच दोन सांगितल्या. त्या दिवसापासून आबांची चाल बदलली. मेंढरं गेल्यावर त्यांच्या हातांची गरज असणारं हे पहिलंच कुणीतरी होतं.

गुलमंडीतून नवी बॅग आणली. धारेची वस्तू विमानात जवळ ठेवता येत नाही, हे मी विचारून ठेवलं होतं. कातर, चाती, दगड जुन्या घोंगडीच्या तुकड्यात गुंडाळून त्या मोठ्या बॅगेत तळाला ठेवले.

"ही बॅग कुठं ठेवत्यात?" आबांनी विचारलं.

"विमानाच्या पोटात."

"आन माणसं?"

"वर."

आबा गप्प बसले. आबा गप्प म्हणजे त्यांना पटलं नाही, हे आमच्या घरातलं शेंबडं पोरही सांगेल. पण निघायच्या घाईत माझ्या ध्यानात आलं नाही. मी रिक्षा बघायला खाली गेले तेवढ्यात त्यांनी गाठोडं काढून आपल्या खांद्यावरच्या पिशवीत, भाकरीच्या फडक्याखाली सारलं.

विमानतळावर मोठी बॅग काउंटरवर दिली आणि आम्ही तपासणीला गेलो. आबांची पिशवी यंत्रातून गेली आणि पट्टा थांबला. पडद्यासमोरच्या जवानानं मान वर केली.

"बाबा, इसमें क्या है?"

आबांना हिंदी कळतं. जनावरांच्या बाजारात वापरलेलं सगळं हिंदी त्यांना येतं. ते छाती काढून म्हणाले, "हत्यारं हायेत."

"हथियार?"

"व्हय. हत्यारं."

आजूबाजूचे आणखी दोन जवान जवळ आले. मी पलीकडं, बायकांच्या रांगेत पडद्याआड. माझी तपासणी चालू होती आणि मला नुसतं ऐकू येत होतं.

"किसके लिए हथियार?"

"मेंढी के लिए. हर साल पूजा करताय इसकी."

मी धावत बाहेर आले. "औजार! औजार कह रहे हैं! मराठीत हत्यार म्हणजे औजार!" मराठी का हिंदी, मलाच कळेना. रांगेत मागं एक साहेब उभे होते, खांद्याला लॅपटॉप. ते म्हणाले, "अहो ताई, घरच्यांना आधी समजावून आणायचं ना. शिकलेल्या दिसता."

"शिकलेय म्हणूनच मोठ्या बॅगेत ठेवलं होतं," मी म्हणाले. "त्यांनी काढलं ते त्यांच्या शिक्षणापायी."

पिशवी उघडली. भाकरी, ठेचा, आणि खाली ती लांब पात्यांची कातर. जवानानं ती उचलली नाही, नुसतं वाकून बघितलं. मग मला नीट शब्दांत सांगितलं, की ही वर जाणार नाही, सामानात द्या, काउंटर अजून उघडा आहे, लवकर करा. आवाज त्यानं चढवला नाही. त्याला चढवता आला असता.

पण आबा अडून बसले.

"खाली नाय द्यायची."

"आबा, विमान जाईल."

"जाऊ दे. एवढी माणसं वर पाय ठिवून बसणार आन त्यांच्या पायाखाली हत्यारं? कातर नाय तर मी बी नाय."

"तिथं दुसरी कातर देतील."

"दुसऱ्याच्या कातरीनं मेंढीला जखम व्हती. लोकांम्होरं मेंढीचं रगात काढू का?"

मी एक जुनी गोष्ट काढली. "मी लहान असताना बिऱ्हाडाच्या घोड्यावर बसायचे, तेव्हा कातर माझ्याखालच्या गोणीतच असायची की."

"तू लेकरू व्हतीस. लेकराचे पाय पाय नसत्यात."

यावर माझं बी.ए. संपलं.

तेवढ्यात जवानानं बोलावून घेतलेली काउंटरवरची मुलगी आली. निळा कोट, केसांचा घट्ट अंबाडा, तोंडावर विमानाचं हसू. माझ्याकडून तिनं सगळं ऐकून घेतलं आणि ते हसू गेलं. आमच्याच भागातलं मराठी बोलायला लागली.

"मामा, पाय लागल्यावर तुम्ही काय करता?"

"हात लावून पाया पडतो. माफी मागतो."

"मग आजच्याला आधी मागा. लागायच्या आधी. जेवढे बसणार तेवढ्यांच्या वतीनं एकदाच."

आबांनी तिच्याकडं बघितलं. म्हटलं आता हे चिडणार. "अशी आगाऊ माफी चालती का?" त्यांनी विचारलं.

"आमच्या घरी चालते. आमची आजी नांगरटीला जाताना काळ्या आईला आधीच हात जोडायची, आता तुला नांगरणार म्हणून."

आबांनी टोपी काढली. पिशवीतनं भंडाऱ्याची पुडी काढली, पात्याला बोट लावलं, कपाळाला लावलं. मग मोठ्यानं म्हणाले, "आमचे पाय, या साऱ्यांचे पाय, पोटात घाल." तो जवान समोरच होता. त्याला शब्द कळले नसतील, पण त्यानंही घोंगडीच्या कडेला दोन बोटं लावून छातीला लावली. लॅपटॉपवाले साहेब घड्याळ बघायचे थांबले.

मुलीनं गाठोडं दोन्ही हातांनी घेतलं. काउंटरवर नेऊन एका खोक्यात घातलं, चारी बाजूंनी चिकटपट्टी मारली, वर चिठ्ठी लावली आणि ते पट्ट्यावर फेकलं नाही, ठेवलं. आबा शेवटपर्यंत तिचे हात बघत होते. "जा मामा, पळा," ती म्हणाली. "मी बघते."

विमानात आबा सीटवर मांडी घालून बसले. हवाई सुंदरी आली. "सर, पैर नीचे कीजिए."

"खाली माझी कातर हाये, बाई."

मी तिला हिंदीत सांगितलं. तिनं विमान वर चढेपर्यंत पाय खाली ठेवायला लावले, पट्टा काढायची खूण झाल्यावर मात्र तिकडं बघितलंच नाही. आबांनी चपला काढून पुन्हा मांडी घातली. वाटेच्या पलीकडल्या सीटवर तेच साहेब होते. गमतीनं म्हणाले, "मग आम्हीही बूट काढू का, बाबा?"

"काढा," आबा म्हणाले. त्यात गंमत नव्हती.

साहेबांनी काढले. त्यांच्या मोज्याला अंगठ्याशी भोक होतं. आबा त्यांना म्हणाले, "लोकरीचा घाला, फाटत नाय." मग दिल्लीपर्यंत दोघं बोलत गेले. साहेबांच्या वडलांची पिठाची गिरणी होती आणि तेही जात्याला पाय लावू द्यायचे नाहीत, असं निघालं.

दिल्लीच्या पट्ट्यावर इतरांचं सामान येत राहिलं, आमची नवी बॅगही आली, खोकं येईना. आबांचा चेहरा उतरत चालला. मी मनात त्या निळ्या कोटाच्या मुलीला हाक मारत होते, जिचं नाव विचारायलाही मी विसरले होते. मग खोकं आलं. चिकटपट्टी तशीच, चिठ्ठी वर. तिच्यावर पेनानं मराठीत लिहिलेलं, "देवाचं आहे. सांभाळून." दिल्लीत ते कोण वाचणार होतं? पण तिनं लिहिलं होतं.

दुसऱ्या दिवशी आबांनी मेंढी आडवी घेतली, तिचे पाय गुडघ्यात धरले. दुसरी तिच्यासमोर बांधलेली, एकमेकींना दिसतील अशा. मग कातर चालू लागली. लोकर अख्ख्या गोधडीसारखी सुटून आली आणि मेंढीच्या अंगावर एक ओरखडा नव्हता. लोक टाळ्या वाजवत होते. आबांना त्या ऐकू आल्या नसाव्यात. ते मेंढीच्या कानाशी काहीतरी बोलत होते, कितीतरी महिन्यांनी.

मला आयुष्यात खूप जणांनी शिकवलं, त्यांचे आभार मी वेळोवेळी मानले. त्या मुलीचे आणि त्या जवानाचे मानायचे राहिले. त्यांनी नियम सोडला नाही आणि माझ्या बापालाही सोडलं नाही. पुढं चिकलठाण्याला गेले की मी काउंटरवर निळा कोट शोधते. ती दिसली नाही. बदली झाली असेल. जिथं असेल तिथं तिला माझा नमस्कार.