हॅरल्डने बसवलेला पिचर

क्लेम वेरेश हळवा माणूस आहे असं टोलीडोत कुणी म्हणालं, तर काच कारखान्याची अख्खी तिसरी पाळी पोट धरून हसेल. उभा जन्म भट्टीसमोर काढलेला गडी तो. तोंड असं फटकळ, की समोरच्याने आधीच दोन पावलं मागे सरावं. बायको रॉझ सोडली, तर त्याला दटावायची हिंमत एकाच माणसात होती. तो म्हणजे शेजारच्या भट्टीवरचा हॅरल्ड टॅकेट.

कारखाना बंद पडला आणि माणसं पांगली. कुणी मुलीकडे टेनेसीला गेलं, कुणी ॲरिझोनाच्या उन्हात हाडं शेकायला. राहिली ती फक्त लीग. रात्रपाळी सुटल्यावर नाश्त्याच्या टेबलावर पेपर पसरून सुरू केलेला खेळ हा. बेसबॉलचे खेळाडू खरे, पण संघ आपण आपल्या मनाने जमवलेला. त्यांनी मैदानात जे दिवे लावले, त्याचे गुण आपल्याला. पूर्वी बेरजा हॅरल्ड करायचा. आता वेबसाइट करते. आपण फक्त रोज सकाळी कुणाला खेळवायचं आणि कुणाला बाकावर बसवायचं, तेवढं ठरवायचं. बक्षीस काय, तर भट्टीवरचा जळका हातमोजा, लाकडी फळीवर ठोकलेला. तेवढ्यासाठी हे म्हातारे उन्हाळाभर एकमेकांच्या जिवावर उठतात.

आणि एक रीत होती. हरलेल्याने दुसऱ्या दिवशी सकाळी जिंकलेल्याला फोन करायचा. बाकीचे बापडे अभिनंदन वगैरे म्हणत. हॅरल्डचं तसं नाही. नमस्कार नाही, चमत्कार नाही, फोन उचलला की एकच शब्द: "चोरा." मग कॉफी गार होईपर्यंत भांडण. रॉझ त्याला चोराचा फोनच म्हणायची.

यंदा एप्रिलमध्ये क्लेमने सकाळी लॅपटॉप उघडला आणि हॅरल्डच्या संघापाशी त्याची नजर अडली. खांदा मोडून घरी बसलेला खेळाडू खुशाल खेळणाऱ्यांच्या रांगेत होता. नावापुढे लाल खूण ढळढळीत दिसत होती. हॅरल्ड असं मेला तरी करणार नाही. दुसऱ्या दिवशीही तेच. तिसऱ्या दिवशी क्लेमने हॅरल्डच्या बायकोला, ओपलला, फोन लावला.

ती म्हणाली, "कुणाला सांगितलं नव्हतं रे. डॉक्टर म्हणतात, विसरणं आता वाढतच जाणार. काल मलाच म्हणाला, बाई, तुमचा नवरा येईपर्यंत मी थांबतो इथे."

लीगचा नियम होता, आठवडाभर संघाकडे कुणी पाहिलं नाही, तर तो दुसऱ्याला द्यायचा. रांगेत जावई-मेहुणे टपलेलेच होते. साइटवरून हॅरल्डचं नाव एकदा पुसलं, की या पांगलेल्या माणसांच्या मनातूनही ते पुसलं जाईल, जिवंतपणीच, ही खरी भीती होती.

"पासवर्ड काय आहे त्याचा?" त्याने विचारलं.

"माझंच नाव," ओपल म्हणाली, आणि रडायला लागली.

एका हाताने दोन संघ चालवणं हे या लीगमधलं सगळ्यात मोठं पाप. मेहुण्याचा संघ चालवणाऱ्या एकाला मागे हाकलून दिलं होतं, आणि तेव्हा सगळ्यात मोठ्याने कोण ओरडलं होतं? हाच क्लेम. तरी उन्हाळाभर त्याने ते पाप इमानेइतबारे केलं. कोण कुणासमोर खेळणार, कुणाचा गुडघा दुखतोय, कुणाला किती गुण मिळतील, हा साइटवरचा सगळा पसारा तो हॅरल्डसाठी जास्त बारकाईने चाळायचा, स्वतःसाठी कमी. मंगळवारी रॉझने केलेला चिकन पॅप्रिकाशचा लाल रस्सा घेऊन तिकडे जायचा आणि सांगायचा, "जिंकलास रे, हॅरल्ड."

"वा, छान," हॅरल्ड म्हणायचा, विमा विकायला आलेल्या माणसाशी बोलावं तसं. "बसा ना."

परत येताना क्लेम गाडीत रेडिओसुद्धा लावायचा नाही.

सप्टेंबर उजाडला आणि नको तेच झालं. शेवटच्या आठवड्यात, हातमोज्यासाठी, क्लेमसमोर हॅरल्ड. ही जोडी ठरली त्याच दिवशी ॲरिझोनाहून लेनीचा फोन आला. लीगचा कारभार लेनी बघतो.

"काय रे क्लेम, हॅरल्डचा संघ रोज तुझ्या मागोमागच जागा होतो. एकाच कोंबड्याने उठता वाटतं दोघं?"

क्लेमने पुढ्यातला लॅपटॉप मिटला.

"मला मे महिन्यापासून माहीत आहे. साइटवर सगळं दिसतं, गाढवा. ओपलशी बोललोय मी, म्हणून तोंड शिवून बसलो. पण हा आठवडा वेगळा आहे. तू तुझ्याशीच खेळणार आणि आम्ही टाळ्या वाजवणार? हॅरल्डला खेळू दे. नाहीतर त्याचा संघ काढून घ्यावा लागेल मला."

"त्याला मी कोण ते कळत नाही, लेनी."

"तू कोण ते कळायची काय गरज? पिचर कोण ते कळलं म्हणजे झालं."

क्लेमने फोन आपटला. पण सोमवारी सकाळी लॅपटॉप काखेत मारून तो ओपलच्या स्वयंपाकघरात हजर झाला. तिने मक्याचा पाव पुढ्यात ठेवला. हॅरल्ड खिडकीशी बसला होता, दाढी केलेली, शर्टाची बटणं एक घर चुकलेली.

क्लेमने स्क्रीन त्याच्यापुढे सरकवला आणि एकेक नाव वाचलं. हॅरल्ड कुणाला मान डोलवी, कुणाला हाताने उडवून लावी. मग आला आनिबाल कीरोझ. या आठवड्यात तो दोनदा चेंडू टाकणार होता. शेवटच्या आठवड्यात दोनदा टाकणारा पिचर म्हणजे घरी चालत आलेली लक्ष्मी. साइटनेही त्याच्या नावापुढे हिरवा बाण दिला होता. ओपलने आदल्या दिवसाचा सामना टीव्हीवर पुन्हा लावला होता, त्यात तो कडेला बसलेला दिसत होता.

"याला बसव," हॅरल्ड म्हणाला.

"कीरोझला?"

"टोपी डाव्या हाताने काढतोय. उजवा दुखतोय त्याचा. बसव."

क्लेमने ओपलकडे पाहिलं. ती भांडी पुसत राहिली. त्याचं बोट बटणावर थांबलं. हो म्हणायचं आणि घरी जाऊन गुपचूप कीरोझला परत आत घ्यायचं, कुणाला कळणार होतं? हॅरल्ड तर दुपारपर्यंत विसरलाही असता. उन्हाळाभर हेच तर केलं होतं आपण. हॅरल्डला विचारलं कधी? जिंकून आणून त्याच्या पुढ्यात टाकलं, बस्स. क्लेमला स्वतःची लाज वाटली.

त्याने कीरोझला बाकावर बसवलं, हॅरल्डच्या डोळ्यांदेखत. मग ओपलच्या नावाचा पासवर्ड कागदावर लिहून, खाली आपला फोन नंबर टाकून, तो कागद तिच्या फ्रिजवर लावला. "रोज सकाळी तूच विचार त्याला," म्हणाला, "आणि तो सांगेल तेच कर. मी आता हात लावणार नाही."

कीरोझचा हातबित काही दुखत नव्हता. दोन्ही सामन्यांत त्या पठ्ठ्याने समोरच्यांना अक्षरशः रडवलं. ते सगळे गुण बाकावर वाया गेले. रविवारी संध्याकाळी हिशोब लागला, तेव्हा क्लेम जिंकला होता, तेही अगदी थोडक्यात. एकटा कीरोझ खेळला असता तरी हातमोजा हॅरल्डचा होता. रॉझ त्याच्या पाठीवर हात ठेवून उभी राहिली. क्लेमला जेवण गेलं नाही.

सोमवारी सकाळी फोन वाजला. लेनी असेल, चिडवायला, म्हणून त्याने वैतागून उचलला.

"चोरा."

क्लेमने हातातला कॉफीचा कप टेबलावर ठेवला.

"आहेस ना? का चोरी करून पळालास?"

"आहे रे."

"कीरोझला कोणी बसवलं माझ्या?"

"तू बसवलास, हॅरल्ड. मी विचारलंही होतं तुला."

पलीकडे खुर्ची सरकल्याचा आवाज आला. क्लेमला वाटलं, गेला, पुन्हा हरवला.

"मी बसवला, म्हणजे काहीतरी कारण असणार," हॅरल्ड म्हणाला. "तुला काय कळतंय पिचरमधलं? पुढच्या वर्षी बघतो तुला, क्लेम."

मग ओपलचा आवाज आला. ती हसत होती की रडत होती, कळेना. "मी न्हाणीघरात होते रे. त्याचा त्यानेच लावला फोन. फ्रिजवर तुझा नंबर आहे ना, तिथून."

फोन ठेवून क्लेम टेबलाशी बसून राहिला. डोळे पुसायचंही त्याच्या लक्षात आलं नाही.

"कोण होतं?" रॉझने आतून विचारलं.

"चोराचा फोन," तो म्हणाला. "कॉफी गार झाली बघ."