पडली की पाडली

"तुमच्या मराठीचं बरं आहे गं. एक काना खाल्ला की मारणारा सुटतो."

रेश्मा हे म्हणाली तेव्हा तिच्या ओठातून रक्त येत होतं. आम्ही दोघी कॉम्प्युटर लॅबच्या फरशीवर बसून कीबोर्डची बटणं गोळा करत होतो.

आज तिला जाऊन वर्ष झालं.

आमचं घाटकोपरचं ज्युनियर कॉलेज. आयटी हा विषय आर्ट्स, कॉमर्स, सायन्स कुणीही घेऊ शकायचं. लॅब एकच, मशीन कमी, म्हणून एका मशीनवर दोघं. मॅडमनी मुद्दाम वेगवेगळ्या शाखांच्या जोड्या लावल्या होत्या.

मी आर्ट्सची. माऊस कसा धरायचा तेही माहीत नव्हतं.
रेश्मा सायन्सची.

पहिल्याच दिवशी तिने मला सांगून टाकलं, "तू शब्द सांग, मी चालवून दाखवते. टेन्शन नाय."

प्रोजेक्टसाठी आम्ही मराठी क्रियापदांची क्विझ केली. एका बाजूला आपोआप होणारं, दुसऱ्या बाजूला कुणीतरी करणारं.

मरतो, मारतो.
गळतं, गाळतं.
पडते, पाडते.

एका कान्याचा फरक. रेश्मा खूश. कोड एकदम सोपा झाला म्हणाली. मग मी 'तुटते, तोडते' सांगितलं आणि ती वैतागली. यात काना कुठाय, यार? आता याच्यासाठी वेगळी कंडिशन लिहू का? तुमची भाषा म्हणजे ना, नुसती वाट लावते.

आम्ही हसत होतो. खूप हसायचो त्या लॅबमध्ये.

कधी तिच्या गालावर वळ असायचे. कधी दंडावर बोटं उमटलेली.
विचारलं की म्हणायची, "पडले गं."

घरी आई आणि मोठा भाऊ. वडील लहानपणीच गेलेले. भाऊ बोलायचा कमी. हात जास्त चालायचा.

एक दिवस तो थेट लॅबमध्ये आला. आम्ही सगळे चपला बाहेर काढून आत जायचो, तो बुटासकट आला. कुणीतरी त्याला सांगितलं होतं की तुझी बहीण पोरांबरोबर बसते. शेजारच्या मशीनवर कॉमर्सचा एक मुलगा होता, एवढंच.

त्याने तिची वेणी मुठीत गुंडाळली आणि तोंड टेबलावर आपटलं.

मग कीबोर्ड उचलला आणि तिच्या डोक्यात घातला. बटणं दातांसारखी उडाली.

शिपाई धावत आला, त्याने भावाला धरून बाहेर काढलं.

मॅडम आल्या. काय झालं, म्हणून विचारलं.
रेश्मा म्हणाली, "कीबोर्ड पडला, मॅडम."

आणि खाली बसल्यावर, हळू आवाजात, फक्त मला ते कान्याचं वाक्य.

त्यावर पुढे हेही म्हणाली, "आमचं मशीन बघ. एक कंस बंद करायचा राहू दे, अडून बसतं. पुढे जाऊच देत नाय."

नंतर ती अंधेरीत सॉफ्टवेअर टेस्टर झाली. लोकांच्या प्रोग्राममधल्या चुका शोधायची. लग्न केलं नाही. आईला भावाजवळ एकटं सोडवत नव्हतं तिला.

मनगट मोडलं. पडले.
कानाचा पडदा फाटला. पडले.

पुढे पुढे आमच्यात तो कोडवर्डच झाला. फोनवर सांगायची, "आज पुन्हा पडले. काना तू घाल."

गेल्या वर्षी तिने मुलुंडला भाड्याने जागा घेतली. आईची बॅग स्वतः भरली. दोघी दाराबाहेर आल्या, जिन्यापर्यंत पोचल्या.

हॉस्पिटलच्या कॉरिडॉरमध्ये काकू, म्हणजे रेश्माची आई, माझ्या खांद्यावर डोकं टेकून बसल्या होत्या. एरवी माझ्याशी मुंबईचं मराठी बोलणाऱ्या काकू तेव्हा मालवणीत बोलल्या.

"ढकलल्यान गो तिका. वरसून ढकलल्यान. खाली पडली तरी तो लाथो घाली होतो."

रेश्मा सकाळी गेली.

पोलिसांनी काकूंना विचारलं. काकू म्हणाल्या, पाय घसरला, पडली.

मी सांगितलं जे ऐकलं ते. साहेबांनी शांतपणे विचारलं, मॅडम, तुम्ही होतात का तिथे? मी नव्हते. तिथे काकूच होत्या.

अपघात. केस बंद.

तेरावं झाल्यावर मी एकदाच विचारलं, काकू, असं का केलंत? त्या भिंतीकडे बघत म्हणाल्या, "एक पोर गेलां. दुसऱ्याक पण मीच घालवू?"

 

काकू, तुमचं हे अकाउंट रेश्मानेच उघडून दिलंय. रोज सगळ्यांच्या गुड मॉर्निंगला तुम्ही हात जोडता, म्हणजे ही पोस्टही वाचाल. तो कामावर गेल्यावर वाचा.

मी तुम्हाला दोष देत नाही. तुमच्या अंगावरचे वळही मी पाहिलेत, आणि तुम्हीही दरवेळी पडलाच होतात.

रेश्मा, तुला श्रद्धांजली वाहायला आज मन होत नाही. आधी तुझं वाक्य दुरुस्त होऊ दे. तोवर इतकंच, की तुझी फार आठवण येते गं.

आणि काकू, वकिलांशी बोलले मी. तुम्ही बोललात तर केस पुन्हा उघडता येईल म्हणतात. मी टॅक्सी घेऊन येईन, तुमच्या बाजूला बसेन. नवीन काही सांगायचं नाही. जबाबात तुमचाच शब्द आहे, 'पडली'.

तुम्ही नाही म्हणाल. मला माहीत आहे.

तरी मागते.

काना तुम्ही घाला.