हेडमास्तरांचं टॉनिक

"बरोबर आहे की नाही?" असं विचारून आमचे हेडमास्तर हनुवटी पुढे काढायचे आणि समोरच्याची मान हलेपर्यंत जागचे हलायचे नाहीत. फळा काळा असतो हे सांगूनसुद्धा विचारायचे. शाळेतले आम्ही सगळे शिक्षक माना डोलावून डोलावून नंदीबैल झालो होतो. असा एखादा तुमच्याही वाट्याला आला असेल. नसेल आला, तर नशीबवान आहात.

सत्तरीच्या दशकातली ही गोष्ट, शिरूरची. माझ्या दुर्दैवानं आमची घरंही भिंतीला भिंत लागून होती, म्हणजे शाळा सुटली तरी हेडमास्तर काही सुटत नव्हते. त्यांच्या बायकोला मी वहिनी म्हणायची. त्यांचं माहेर राहू गावचं. लग्न होऊन आल्या तेव्हा फार हसऱ्या आणि चपळ होत्या म्हणे. मी पाहिल्या तेव्हा त्यांचा हात थरथरायचा, पावलं जमिनीला चिकटल्यासारखी व्हायची, चेहरा कोरा. खुर्चीतून उठायचं तर कुणीतरी हात द्यावा लागे.

हेडमास्तर आल्यागेल्याला सांगायचे, "आळस आहे हो. सगळं मनावर असतं." वहिनींच्या तोंडून शब्द फुटायचा नाही. नाही म्हणत नाही, म्हणजे पटलं, असा हेडमास्तरांचा हिशोब.

शेवटी राहूहून वहिनींचा भाऊ आला आणि भांडून त्यांना पुण्याच्या डॉक्टरांकडे घेऊन गेला. सोबतीला बाईमाणूस हवं म्हणून मी गेले. हेडमास्तरही आले, डॉक्टरांना दोन गोष्टी शिकवायला. डॉक्टर भला माणूस. त्यांनी समजावून सांगितलं, की हा कंपवात. मेंदूत खोलवर डोपामीन नावाचं एक द्रव्य तयार होतं. ते आटलं की माणसाला उठावंसं वाटतं, पण अंग ऐकत नाही. यात आळसाचा काही संबंध नाही. नव्या गोळ्या आल्या आहेत, त्यांचं मेंदूत जाऊन डोपामीन होतं. मात्र एक पथ्य त्यांनी दोनदा बजावलं. गोळ्या चालू असताना ताकदीचं टॉनिक अजिबात द्यायचं नाही, कारण त्यातल्या एका जीवनसत्त्वामुळे गोळी मेंदूत पोचायच्या आधीच अंगात खर्च होऊन जाते. हेडमास्तरांनी स्वतः मान हलवली. मी पाहिलं ना!

गोळ्यांनी काय जादू केली म्हणता! आधी वहिनींचा चेहरा परत आला. मग त्या चालायला लागल्या, बोलायला लागल्या, भिंतीपलीकडून मला त्यांचं हसू ऐकू यायला लागलं. एकदा शिक्षणखात्याचे साहेब चहाला आले होते, मीही होते. हेडमास्तरांनी कंपवातावर व्याख्यान सुरू केलं. बायकांचे निम्मे आजार बसून बसून होतात, वगैरे. शेवटी हनुवटी पुढे, "बरोबर आहे की नाही?"

"न्हाई," वहिनी दारातून म्हणाल्या. "मी बसून ऱ्हायल्यानं आजारी न्हाई पडले. मला उठाया येत नव्हतं, म्हणून बसून व्हते."

साहेब बशीत तोंड घालून हसले. हेडमास्तरांचा चेहरा मात्र असा झाला, की गोळ्यांची गरज त्यांनाच असावी.

त्या आठवड्यात टॉनिकची बाटली घरात आली. रोज संध्याकाळी ओसरीवर, चार माणसांसमोर, स्वतःच्या हातानं चमचा पाजायचे. बघणारे म्हणायचे, काय सेवा करतात बायकोची! आणि वहिनी पुन्हा आखडत चालल्या. हसणं थांबलं. मग बोलणं. चमचा नको म्हणून तोंड फिरवायचं, तर मानही वळेना.

मी तोंडावर विचारलं, "गुरुजी, डॉक्टरांनी टॉनिक नको म्हणून सांगितलं होतं ना?"

"टॉनिकनं कधी कुणाचं वाईट झालंय का, बाई?" असं म्हणाले आणि मग जरा आवाज उतरवून पुढे म्हणाले, "त्या गोळ्यांनी ती फार बोलायला लागली होती."

इथवर मी या माणसाला मान देऊन लिहिलं. आता बास.

दुसऱ्या दिवशी शाळा बुडवून मी राहू गाठलं आणि भावाला सगळं सांगितलं. त्यानं माहेरपणाच्या नावाखाली बहिणीला उचलून नेलं. गोळ्या नेल्या, बाटली नेली नाही.

एखाद्या गोष्टीची पुन्हा पुन्हा ओढ लागते, त्यातही या डोपामीनचा हात असतो, असं मी पुढे कुठंसं वाचलं. याला ना तंबाखू, ना पत्ते. व्यसन एकच, हललेल्या मानेचं. त्यापायी बायकोला खुर्चीत गाडायला निघाला होता मेला.

तो निवृत्त झाला तेव्हा शाळेनं जोडीनं सत्कार ठरवला. वहिनींना आणायला तो राहूला गेला आणि हात हलवत परत आला. त्या म्हणाल्या होत्या, "तिथं मला बसवून ठिवाल. हितं मी उठती." स्टेजवर मात्र यानं डोळे पुसत सांगितलं, की पत्नी अंथरुणाला खिळली आहे. मंडळी हळहळली. मी भर कार्यक्रमातून उठले आणि राहूची एसटी धरली.

वहिनी चुलीपुढे भाकरी थापत होत्या. हात थोडा कापत होता, पण भाकरी तव्यावर टम्म फुगली. मी सत्काराचं सगळं सांगितलं, अंथरुणाचंसुद्धा. मला वाटलं, चिडतील. त्या एवढंच म्हणाल्या, "आन् जेवायचं काय करत्यात त्ये?"

निघताना त्यांनी फडक्यात भाकरी आणि ठेचा बांधून दिला. "येवढं त्येंना द्या. म्हणावं, माझ्या हातची हाय."

मी हो म्हटलं. एसटी गावाबाहेर पडली तसं फडकं सोडलं आणि ठेच्यानं डोळ्यांतून पाणी येईस्तोवर सगळं खाल्लं. त्या माणसासाठी कुटकासुद्धा ठेवला नाही.