पुस्तकात नसलेलं पान

माझी मुलगी दुसरीच्या पुस्तकाचं सदतिसावं पान खणखणीत आवाजात वाचत होती, आणि ते पान पुस्तकात नव्हतं.

पुस्तक शेजारच्या आक्कांच्या नातवाचं. त्या वर्षी जुनीच पुस्तकं पुढच्या मुलांनी वापरायची असं ठरलं होतं, म्हणून ते आमच्याकडे आलं. त्यातलं सदतीस-अडतीसचं पान कुणीतरी फाडून नेलं होतं. कागदाच्या होडीला गेलं असावं. छत्तिसाव्या पानावर एक कासव बाजाराला निघालं होतं आणि एकोणचाळिसाव्यावर ते पिशवी घेऊन घरी परतत होतं. मधे बाजारात काय घडलं हे कळायला वाचकाकडे काही मार्ग नव्हता. आमच्या वाचकाला मात्र अडचण आली नाही. छत्तिसावं पान संपल्यावर तिनं कासवाला कोथिंबीर घ्यायला लावली, बेडकाशी हुज्जत घालायला लावली, आणि सगळं आटोपल्यावर बोट जिभेला लावून पान उलटलं.

"हे कुठे लिहिलंय?" मी विचारलं.

"इथे," ती म्हणाली आणि तिनं कासवाच्या पाठीवर बोट ठेवलं.

मी एका कॉलेजात ग्रंथपाल आहे. माले गावाच्या पुढे, मुळशीकडे जाणाऱ्या रस्त्याला आमचं गाव. गावात मला 'पुस्तकवाले' म्हणतात. त्यात आदर किती आणि कीव किती, हे मी कधी विचारलेलं नाही. टाळेबंदीत कॉलेजही बंद, त्यामुळे रोज संध्याकाळी मी आणि मुलगी पडवीत वाचत बसायचो. ती तिचं, मी माझं. तिचा आवाज चालू आहे म्हणजे अभ्यास चालू आहे, असं मी धरून चाललो होतो. त्या दिवशी माझा चष्मा सापडेना, म्हणून मोठ्या टायपातल्या तिच्या पुस्तकात डोकावलो. चष्मा सापडला असता तर ती पदवीधर होईपर्यंत मला पत्ता लागला नसता.

शाळा बंद झाली तेव्हा ती बालवाडीत होती. पहिलीचा वर्ग तिनं खिडकीतूनसुद्धा पाहिला नाही. ऑनलाइन शाळेची भाषणं पुण्याहून ऐकू येत होती, पण आमच्याकडे रेंज यायची ती देवळामागे, तीही लहर लागली तर. मग शाळेच्या बाईंनी युक्ती काढली. त्या धडे आणि पाढे स्वतःच्या आवाजात फोनवर भरून पाठवायच्या आणि सकाळी नऊला देवळाच्या भोंग्यावर ते लावले जायचे. आख्खं गाव दुसरीत बसलं. भात लावणाऱ्या बायका सातचा पाढा म्हणायच्या. आक्कांनी तर मला गंभीरपणे सांगितलं होतं, "बाईंचा आवाज लागल्याबिगर आमची म्हस पान्हावत न्हाई आता." शिक्षणाचा इतका थेट परिणाम मी कुठल्या अहवालात वाचलेला नाही.

तर मुलीनं सगळं पुस्तक भोंग्यावर ऐकलं होतं. चित्र बघून कुठला धडा ते ओळखायचं आणि म्हणायला लागायचं. ती फसवत होती असंही नाही. मी तिला नीट समजावून सांगायला बसलो, तर गोंधळ माझाच वाढला.

"बाळा, हे वाचणं नाही. हे तुला पाठ आहे."

"मग वाचणं कसं असतं?"

"आधी माहीत नसलेलं कळतं, त्याला वाचणं म्हणतात."

तिनं माझ्या हातातल्या जाड पुस्तकाकडे पाहिलं. "म्हणजे तुमचं पुस्तक भोंग्यावर लावत नाहीत?"

"नाही."

"मग तुम्हाला कोण सांगतं त्यात काय आहे ते?"

या प्रश्नाला उत्तर आहे, हे मला माहीत होतं. ते सात वर्षांच्या माणसाला कळेल असं मला देता येईना. मी म्हटलं, "अक्षरं सांगतात." तिनं पुस्तक कानाला लावून बघितलं.

स्वयंपाकघरात जाऊन बायकोला सांगितलं. ती भाकरी थापायची थांबली.

"मला वाटलं तुम्ही शिकवताय."

"मला वाटलं बाई शिकवताहेत."

"आणि बाईंना वाटत असेल पुस्तकवाल्यांची मुलगी, घरीच शिकत असेल." तिनं भाकरी तव्यावर टाकली. "आता शाळा उघडतेय ना? मग धाडू. त्यात काय?"

त्यात काय, ते माझ्या खिशात होतं. थंडी पडायला लागली होती आणि गावाकडचे लहान वर्ग सुरू करायचं फर्मान आलं होतं. त्यासाठी प्रत्येक पालकाची लेखी संमती हवी होती. कागदाची भाषा अशी की, पाल्याला शाळेत धाडायला मी राजीखुशी तयार आहे आणि त्याच्या तब्येतीचं जे काय होईल ते माझं मी बघेन. शाळेनं मूल मागावं आणि त्याच कागदात आधीच हात झटकावेत, हे मला चमत्कारिक वाटलं. मी सही केली नव्हती. दुसऱ्या लाटेत बायको दहा दिवस पुण्यात दवाखान्यात होती. मुलगी रोज दारात बसून रस्त्याकडे बघायची. ते मी विसरलो नव्हतो. म्हणजे माझी भीती खरी होती. निदान सदतिसाव्या पानापर्यंत तरी.

त्यानंतर मला सांगता येईना की मी कशाला भितोय. आजाराला, की वर्गात ग्रंथपालाची मुलगी उभी राहून काय करेल त्याला? आकडे बघायला मी रोज देवळामागे जायचो. रुग्ण वाढले की काळजी वाटायची आणि खाली कुठेतरी जरा बरंही वाटायचं. हे मी बायकोला बोललो नाही. दवाखान्यात ती राहून आली होती, आणि धाडू म्हणणारीही तीच होती.

यात भर अशी की, मी सही केली नाही हे गावाला कळलं. एका सकाळी आक्का शेणाची पाटी घेऊन अंगणात थांबल्या. त्यांची धाकटी नात माझ्या मुलीच्याच वर्गात.

"आमी बी न्हाई दिली सही."

"का हो आक्का?"

"तुमी न्हाई दिली म्हून. येवढी पुस्तकं वाचनारा मानूस सही करीना, म्हंजी कायतरी आसंलच की. वरच्या आळीतल्यांनी बी कागद तसाच ठिवलाय. तुमाला काय कळलंय ते आमाला सांगा तरी."

"मला काही कळलेलं नाही, आक्का."

"आसं कसं! न्हाई सांगायचं तर नका सांगू." आणि त्या माझ्या गूढ ज्ञानाबद्दल आदर बाळगून निघून गेल्या.

आयुष्यात पहिल्यांदा गावानं माझं ऐकलं होतं, आणि तेही मी काही बोललो नसताना. सतरा मुलांच्या शाळेत अकरांचे कागद अडकले होते. बाईंनी निरोप धाडला की इतक्या कमी संमतींवर शाळा उघडता येणार नाही. मग मी शाळेत गेलो.

बाई एकट्याच ओसरीवर खडूनं गोल आखत होत्या. मुलांनी लांब लांब बसायचं त्याच्या खुणा. पहिल्या टाळेबंदीत बाहेरगावाहून आलेल्यांना ओसरीमागच्या वर्गात ठेवलं होतं. त्यांच्यातल्या कुणीतरी फळ्यावर दिवस मोजायला मारलेल्या रेघा अजून तशाच होत्या.

"या," बाई न उठता म्हणाल्या. "कागद आणलात?"

मी आणला नव्हता. मी त्यांना कासवाचं सांगितलं. सांगताना मला वाटत होतं की मी मोठी कबुली देतोय. बाईंनी गोल पूर्ण केला, हातावरचा खडू झटकला.

"तुमची एकटीच अशी आहे असं वाटलं तुम्हाला?"

"म्हणजे?"

"अहो, सगळी तशीच आहेत. तिसरीतली दोघं-तिघं जोडून जोडून वाचतील. बाकीच्यांनी कासव नुसतं ऐकलंय. भोंग्यातून आवाज जातो, अक्षर जात नाही. हे मला पहिल्या आठवड्यातच कळलं होतं. पण काहीच न लावण्यापेक्षा बरं, म्हणून लावत राहिले. दोन वर्षं मी रोज सकाळी घरी बसून विचार करायची, आता नऊ वाजले, आता मी भोंग्यावर बोलतेय. आणि तुम्ही आजाराच्या भीतीनं सही देत नाही असं समजून मी गप्प बसले. त्यावर मी काय बोलणार?"

"आजाराचीही भीती आहे," मी म्हणालो.

"ती मलाही आहे. माझ्या घरी दोन म्हातारी माणसं आहेत."

मी तिथंच, ओसरीवर बसून, त्यांच्याकडच्या कोऱ्या कागदावर सही केली. बरोबर केलं की चूक, ते मला तेव्हा कळलं नाही. आजही छातीठोकपणे सांगता येणार नाही. दोन दिवसांत आक्कांसकट सगळ्यांचे कागद आले. मी सही का केली, हे कुणीही विचारलं नाही.

उद्घाटन झालंच. ज्या दाराला दोन वर्षं साधं कुलूप होतं, त्याला लाल फीत बांधली. तालुक्याहून एक पाहुणे आले. मास्क हनुवटीवर, कारण हारामुळे तो वर जात नव्हता. दारात प्रत्येकाच्या कपाळावर तापमापक रोखलं गेलं आणि सगळ्यांचं तापमान तेहतीस निघालं. शास्त्राप्रमाणे आम्ही सगळे केव्हाच गार पडायला हवे होतो, पण यंत्र समाधानी होतं. पालकांनी फाटकाबाहेर उभं राहायचं होतं. मी आक्कांच्या शेजारी उभा राहिलो.

भाषणात पाहुणे म्हणाले की शिक्षण एक दिवसही थांबलेलं नाही. मग त्यांनी मुलांकडे वळून विचारलं, "कोण वाचून दाखवणार?"

सतरा हात वर गेले. बाईंनी डोळे मिटले. पाहुण्यांनी माझ्या मुलीला उठवलं.

ती तिच्या गोलात उभी राहिली, पुस्तक उघडलं आणि कासव बाजाराला निघालं. पुस्तकाचं भलतंच पान उघडून धरलं होतं हे मला फाटकातूनही दिसत होतं. बेडूक आला, कोथिंबीर आली, काना-मात्रेचीही चूक नाही. आता हे असंच चालून गेलं, तर ती वाचणारी म्हणून नोंदली जाणार आणि तिला पुन्हा कुणी शिकवणार नाही. आणि मी ओरडून सांगितलं, तर भर गावात तिचं हसं. मी काहीच केलं नाही. करायला हवं होतं ते काय, हे ठरेपर्यंत कासव घरी पोहोचलं होतं.

टाळ्या पडल्या. ती खाली बसली नाही.

"साहेब, हे मी वाचलं नाही," ती म्हणाली. "हे पाठ आहे. बाबा म्हणतात, वाचणं वेगळं असतं."

"शाब्बास!" पाहुणे म्हणाले. "पुस्तक न बघता पाठ आहे! पुन्हा टाळ्या!"

पुन्हा टाळ्या पडल्या, फोटो निघाला, गाडी गेली. शासनानं दखल घ्यावी अशी तिची इच्छा होती, पण ती घेतली गेली नाही. फाटकाबाहेर मात्र घेतली गेली.

"पुस्तकवाले," आक्कांनी हळूच विचारलं, "पोरीला वाचता येत न्हाई व्हय?"

"नाही, आक्का."

"खरं सांगताय?"

"खरं."

आक्कांनी मोठा श्वास सोडला. "मग आमचीला येत न्हाई ते काय वंगाळ न्हाई. मी तिला कालच दोन धपाटं घातलं."

आत बाईंनी फळ्यावरच्या त्या रेघा ओल्या फडक्यानं पुसल्या आणि पहिलं अक्षर काढलं, दुसरीला आणि तिसरीलाही तेच. निम्मी बाराखडी होते न होते तोच जानेवारीत शाळा पुन्हा बंद झाली. बाईंनी सांगून टाकलं, "आता भोंगा नाही. जेवढं आलंय तेवढं घरी गिरवून घ्या."

म्हणजे आता शिकवायचं मी. हजारो पुस्तकांच्या नोंदी केलेला माणूस मुलीसमोर पाटी घेऊन बसला आणि त्याला सुरुवात सुचेना. मी स्वतः कसा वाचायला लागलो ते आठवून बघितलं. आठवेना. माझ्या आठवणीत मी कायम वाचतच होतो. मी समजावायला लागलो की ती गोंधळायची, आणि ती गोंधळली की मी आवाज चढवायचो. बायको आतून म्हणायची, "अहो, तिला ओरडताय की स्वतःला?"

एका सकाळी पडवीत बियाण्याची रिकामी पोती घडी करून ठेवत होतो. मुलगी एका पोत्यासमोर उकिडवी बसली आणि त्यावरच्या मोठ्या अक्षरांखाली बोट ठेवलं.

"भा," ती म्हणाली. बराच वेळ गेला. "त."

बोट पुढे सरकलं आणि थांबलं. तिनं माझ्याकडे पाहिलं. "बाबा, हे काय आहे?"

दोन वर्षांत तिनं हा प्रश्न कधी विचारला नव्हता. त्या वेळी तिला सगळंच येत होतं. मी तोंड उघडलं, तर दारातून बायकोनं मान हलवली: सांगू नका. सांगावं की न सांगावं, याबद्दल पुस्तकांमध्ये दोन्ही मतं आहेत.

रस्त्यानं आक्का म्हशीमागे चालल्या होत्या. त्या थांबल्या. "काय गं, आडली का?"

"अडलीय," मी म्हणालो.

"भोंग्यावर तर कशी घडाघडा म्हनायची!"

मुलीनं त्यांच्याकडे लक्ष दिलं नाही. बोट त्याच अक्षराखाली होतं, ओठ हलत होते, आवाज येत नव्हता. मी हातातलं पोतं खाली ठेवलं आणि तिच्या शेजारी, तिच्यासारखाच, उकिडवा बसलो.