शेवंताकाकूचा डबा

मी मुरुड सोडलं तो दिवस येळवशीचा होता. आमच्या लातूरकडं त्या अमावस्येला अख्खं गाव शेतात जेवायला जातं, त्यामुळे स्टँडवर शुकशुकाट होता. ब्रिटनमधल्या एका केअर होममध्ये म्हाताऱ्यांची देखभाल करायची नोकरी लागली होती. निरोपाला फक्त आई असेल असं वाटलं होतं. तेवढ्यात आमची शेजारीण शेवंताकाकू शेतातून धापा टाकत आली. हातात स्टीलचा डबा, त्यात शेंगा-भाज्यांची घट्ट भज्जी आणि बाजरीचे उकडलेले उंडे.

येळवशीला शेतात कडब्याच्या कोपीत, म्हणजे खोपटात, पाच दगडांना चुना लावून पांडव म्हणून पुजतात आणि आधी त्यांना नैवेद्य दाखवतात. मी मान ताठ करून म्हणाले, "काकू, हे पांडवांपुढं ठेवलेलं. आम्हा येशूवर विश्वास ठेवणाऱ्यांना चालत नाही."

आई दवाखान्यात होती तेव्हा याच बाईनं मला महिनाभर जेवू घातलं होतं. तिनं डबा पदराआड घेतला. "बरं, ऱ्हाऊ दे माय. सुखरूप जा."

बस हलताना आई खिडकीशी आली. "बायबलातली वचनं तुला पाठ हायेत. पचली न्हाईत अजून."

मला आईचा रागच आला. बाप्तिस्म्याला तीन वर्षं झाली होती, आणि आमच्या चर्चच्या तरुण संघात माझ्याइतकी लांब प्रार्थना कुणी करत नसे. लोक मधेच एक डोळा उघडून घड्याळ बघायचे, तो मी त्यांचा अशक्तपणा समजायचे. लातूर येईपर्यंत मी प्रभूसाठी मोठी लढाई जिंकल्याच्या थाटात बसले होते.

केअर होममध्ये मार्गारेट नावाची आजी माझ्या वाट्याला आली. ती माझ्या हातचं खात नसे. माझ्या काळ्या हाताकडे बघायची, तोंड फिरवायची आणि म्हणायची, दुसऱ्या कुणाला पाठव. पहिल्या दिवशी मी सूपचा वाडगा घेऊन तशीच स्टाफरूममध्ये आले. तिथे एकदम पदराआड जाणारा तो डबा डोळ्यांपुढे आला, आणि मी इतकी रडले की शिफ्टच्या मॅनेजरनं मला चहा करून दिला.

आईला फोन केला. वाटलं, ती म्हणेल नोकरी सोड. ती म्हणाली, "तिच्यासाठी प्रार्थना कर. अन् उद्या परत चमचा घिऊन जा."

गेले. रोज गेले. पहिले कित्येक दिवस माझी प्रार्थना म्हणजे मार्गारेटची तक्रार होती, हे आता हसत सांगते. मग प्रार्थना आपोआप लहान होत गेली, शेवटी दोनच ओळींची उरली. थंडी सरता सरता मार्गारेटनं तोंड उघडलं आणि माझ्या हातचं सूप घेतलं. सोबत काम करणाऱ्या सगळ्या बायकांनी मला मिठ्या मारल्या. पण मी त्याआधीच जिंकले होते; त्या सकाळी कॉरिडॉरमधून जाताना माझ्या मनात तिच्याबद्दल राग नव्हता.

या वर्षी येळवशीलाच सुट्टी घेतली. शेतात काकूपुढं उभी राहिले आणि म्हणाले, "काकू, तवा माझं चुकलं."

"कुठलं काय," काकू म्हणाली. "तुझी बस गेली अन् म्या अन् तुझ्या मायनं बाकड्यावर बसून डबा खाल्ला. दोघी रडत व्हतो अन् खात व्हतो."

आईनं हे मला इतक्या वर्षांत सांगितलं नव्हतं. ती आंबिलीच्या मडक्याआड तोंड लपवून हसत होती.

दगडांपुढं मी हात जोडले नाहीत, आणि कुणी जोड म्हणालंही नाही. पंगत बसल्यावर काकूच म्हणाली, "आता तुझ्या देवाचे आभार मान. मोठ्यानं, समद्यांला ऐकू येऊ दे." मी मानले. भज्जी निवायच्या आत आमेन झालं. आईनं माझ्याकडं बघितलं आणि म्हणाली, "आता पचलं." जन्मात मला याहून मोठी शाबासकी मिळालेली नाही.

निघताना काकूनं तोच डबा भरून दिला. परदेशी गेलेल्या तुम्हा सगळ्यांना घर कुठं, असं कुणी विचारत असेल, मलाही विचारतात. माझ्या ब्रिटनच्या किचनमध्ये ओट्यावर तो डबा धुऊन ठेवलाय. आमच्याकडं शेजारणीचा डबा रिकामा परत देत नाहीत. काय भरून न्यायचं ते अजून ठरत नाही, पण पुढच्या येळवशीचं तिकीट काढलंय.