दोन खुर्च्यांच्या रुंदीची वाट

कावाटाला रोज सकाळी सहाला गल्लीच्या तोंडाशी पोचायचं असे, आणि रोज ती आठाला पोचे. तिच्या आयुष्यातली बहुतेक रडगाणी या दोन तासांतली.

मातोपेनी म्हणजे चिखलातली वस्ती. नैरोबीच्या कारखान्यांमागं, नदीकाठी ती उभी राहिली तेव्हा कुणीतरी वैतागून हे नाव दिलं आणि पुढं ते बदलायला कुणाला सवड झाली नाही. कावाटाची खोली सातव्या गल्लीत, अगदी आत. गल्ली एवढी अरुंद की समोरून कुणी आलं तर एकानं भिंतीला पाठ लावून पोट आत घ्यायचं. मधून उघडं गटार. चाकांची खुर्ची तिथं शिरायचं नावच नाही. त्यामुळं चर्चनं दिलेली खुर्ची गल्लीच्या तोंडाशी, विजेच्या खांबाला साखळीनं बांधलेली असे, दारात शेळी बांधावी तशी. आणि कावाटा आत खोलीत. दोघींची रोज गाठ घालून द्यायचं काम शेजाऱ्याचं, सिमियूचं.

चौथ्या वर्षी तापानं तिचे पाय गेले. कितुईच्या डोंगराळ गावात आईनं तिला कापडानं पाठीला बांधून वाढवलं. दहा वर्षांची झाली तरी पाठीवरच. आई गेल्यावर मावशीनं शहरात आणलं, हातानं फिरवायचं शिवणयंत्र शिकवलं, आणि स्वतः लग्न करून मोम्बासाला निघून गेली. यंत्र मात्र ठेवून गेली, एवढं बरं केलं. आता कावाटा एक्केचाळीस वर्षांची होती. खांदे एखाद्या हमालासारखे, जीभ कात्रीसारखी. गल्लीच्या तोंडाशी टेबल मांडून ती शाळेचे गणवेश शिवायची, चेन बसवायची, उसवलेलं नीट करायची. तिच्या हातचा टाका वस्तीत कुणाला जमत नसे, आणि हे ती स्वतःच सांगत असे.

पण धंदा सहाचा. कारखान्यातल्या बायका सहाला रस्त्यानं जात, फाटकं-तुटकं टाकून जात आणि संध्याकाळी घेऊन जात. आठ वाजता रस्त्यावर उरत ती रिकामटेकडी माणसं, जी शिवायला काही देत नाहीत, फक्त बसायला येतात. रस्त्यापलीकडे ओमोलो शिंपी पावणेसहालाच हजर.

“ओमोलोला सरळ शिवण येत नाही,” कावाटा म्हणे. “पण त्याला पाय आहेत. देवानं सगळ्यांना काही ना काही दिलंय.”

सिमियू हातगाडीवरून पाणी विकायचा. पहाटेपासून चहाच्या टपऱ्यांना पाण्याचे कॅन पोचवायचे, ते उरकेपर्यंत आठ. मग तो यायचा, दारात पाठ करून बसायचा, म्हणायचा, “चढ, राणीसरकार.” अकरा वर्षं. एकदाही त्यानं काही मागितलं नाही, एकदाही तोंड वाकडं केलं नाही. त्याची बायको नालियाका रोज सकाळी कावाटाची बादली ओतून, धुऊन आणून ठेवायची, तीही न बोलता. अशा माणसांशी भांडायचं कसं? उशीर झाला म्हणून कुठल्या तोंडानं ओरडायचं? कावाटा गप्प चढायची. एकदा, कोरड्या दिवसांत, ती एकटीच हातांवर सरकत गल्लीच्या तोंडापर्यंत गेली होती. पोचली सहाला. पण कोपरापर्यंत गटारानं माखलेल्या हातात लग्नाचा झगा कोण देणार? त्या दिवसापासून तिनं तो नाद सोडला.

मग शहराच्या कचेरीतून जेरोतिच मॅडम आल्या. तरुण बाई, चिखलातले बूट, हातात टॅबलेट. वस्ती स्मार्ट करायची म्हणे, आणि ती कशी करायची ते वस्तीनंच सांगायचं. शाळेच्या पत्र्याखाली त्यांनी वस्तीचा नकाशा छापलेलं भलंमोठं कापड अंथरलं, आणि रंगीत कागदाचे तुकडे वाटले. ज्याला जे हवं तिथं तुकडा ठेवायचा. लोकांना आधी खरंच वाटेना. शहराकडून आजवर दोनच गोष्टी येत: लाल रंगाचा डबा घेऊन घरांवर फुल्या मारणारी माणसं, आणि त्यांच्या मागून बुलडोझर. पण मॅडम रोज आल्या, मक्याच्या पिठाची उगाली आणि पालेभाजी सगळ्यांबरोबर जमिनीवर बसून खाल्ली, तेव्हा लोक सैलावले. कुणी बंद पडला की स्वतःच कचेरीला कळवणारा दिवा मागितला, कुणी पाणी आलं की फोनवर सांगणारा नळ.

कावाटाला सिमियूनंच तिथं आणलं होतं. मॅडम तिच्यासमोर गुडघ्यांवर बसल्या. “तुम्हाला काय हवं, ताई?”

“मला कुणाच्या पाठीवर न बसता बाहेर यायचंय,” कावाटा म्हणाली. “सातव्या गल्लीत दोन खुर्च्या जातील एवढी वाट करा.”

“दोन कशाला? खुर्ची तर एकच आहे,” मागून कुणीतरी म्हणालं.

“समोरून दुसरी आली तर पोट कुठं आत घेऊ?”

सगळे हसले, टाळ्या वाजवल्या. सिमियूनंही वाजवल्या. तिनं पिवळा कागद नकाशावर ठेवला आणि तळहातानं दाबून बसवला. त्या दिवशी ती फार खुशीत होती. कुणी तिला हवं ते विचारलं होतं, आणि तिनं नीट सांगितलं होतं.

तीन आठवड्यांनी मोजणीवाले आले आणि सातव्या गल्लीत प्रत्येक दाराच्या आत एक हात अंतरावर खुणा करून गेले. लाल रंगाला लोक घाबरतात हे मॅडमना ठाऊक होतं, म्हणून हिरव्या रंगानं केल्या. “बुलडोझरनं कपडे बदलले,” लोक म्हणाले. वाट रुंद करायची तर सहा खोल्यांच्या पुढच्या भिंती एकेक हात आत सरकणार होत्या. त्याबदल्यात वर एक मजला बांधून देणार, असं कागदावर होतं. कागदावर मातोपेनीत आजवर बरंच काही बांधलं गेलं होतं. सिमियूच्या खोलीतली खूण पलंगाच्या मधोमध आली.

हात दाखवून अवलक्षण म्हणतात ते हे. कावाटानं हात दाखवला, आणि अवलक्षण झालं शेजाऱ्यांचं.

कुणी भांडायला आलं असतं तर बरं झालं असतं; भांडणात ती कुणाला हार गेली नव्हती. पण कुणी आलंच नाही. सिमियू रोजच्यासारखा आठाला येई, पाठ करून बसे, फक्त ‘राणीसरकार’ म्हणेना. नालियाका बादली धुऊन आणे. एका सकाळी बादली ठेवताना ती दारात थांबली.

“वहिनी, बस ना जरा,” कावाटा म्हणाली.

“बसायला काय. लेकरं चार आहेत आमची, तुला माहीत आहे. ती कुठं झोपवू तेवढं सांग.”

“वर मजला देणार आहेत.”

“बरं,” नालियाका म्हणाली. “तू बघितलास का तो?”

कावाटानं बघितला नव्हता. कुणीच बघितला नव्हता. नालियाका बादली ठेवून निघून गेली. वाट नको म्हणावं तर आयुष्यभर आठ वाजता बाहेर. हवी म्हणावं तर या चार लेकरांचा पलंग. आपलेच दात, आपलेच ओठ. तिला सगळ्यांचा राग आला, मॅडमचा, सिमियूचा, स्वतःच्या त्या पिवळ्या कागदाचा सगळ्यात जास्त.

शेवटी निकाल वस्तीच्या मतावर ठेवायचा ठरला. मॅडमची सोय चांगली होती: प्रत्येकानं आपल्या फोनवरून हो किंवा नाही कळवायचं. कावाटाला ते ऐकून हायसं वाटलं. पांघरुणाखाली बसून एक बटण दाबायचं. कुणाकडं बघायला नको, कुणी बघायला नको. पण वस्तीचे म्झे, वडीलधारे पंच किलोंझो, मान हलवू लागले.

“एकेका माणसाकडं तीन-तीन नंबर आहेत, मॅडम. फोनला तोंड नसतं. आमच्यात मत म्हणजे रांग. हो म्हणणारे इकडं उभे, नाही म्हणणारे तिकडं. कोण कुठं आहे ते उन्हात सगळ्यांना दिसतं. त्यात चोरी होत नाही.”

“आणि ज्यांना उभं राहता येत नाही ते?” मॅडमनी विचारलं.

म्झे दुखावल्यासारखे झाले. “आम्ही आमचं माणूस टाकून देत नाही. कावाटाला उचलून आणू की.”

शनिवारी दुपारी शाळेच्या मैदानात वस्ती जमली. कावाटानं चर्चला जायचा निळा झगा घातला होता. सिमियू आला, पाठ करून बसला. ती चढली. तिचा गाल त्याच्या मानेजवळ होता. घामाचा, पाण्याच्या कॅनचा तो वास तिला अकरा वर्षं ओळखीचा होता. ‘सिमियू, मला हो म्हणणाऱ्यांत ने,’ एवढंच म्हणायचं होतं. तिनं वाक्य गल्लीच्या मध्यापर्यंत तयार केलं, तोंडापर्यंत आणलं, आणि मग गटारावरच्या फळीवर त्याचा पाय घसरता घसरता सावरला तेव्हा ते कुठंतरी गेलं.

मैदानात दोन रांगा लागत होत्या. हो म्हणणारी आखूड, उन्हात. बहुतेक पुढच्या रस्त्यालगतची माणसं, ज्यांची घरं जाणार नव्हती. नाही म्हणणारी लांब, शाळेच्या भिंतीच्या सावलीत; तीत सातवी गल्ली, आणि उद्या पाळी आपली असं वाटणाऱ्या बाकीच्या गल्ल्या. सिमियूनं गल्लीच्या तोंडाशी तिला खुर्चीत बसवून ढकलत आणलं होतं; ती खुर्ची त्यानं सावलीत लावली, झग्याची किनार चाकात अडकली होती ती सोडवली, आणि तिच्या मागं उभा राहिला. तिच्या पुढं नालियाका, पाठीवर धाकटी.

“सिमियू,” ती हळू म्हणाली, “मला पलीकडं ने ना.”

“तिकडं ऊन आहे गं,” तो म्हणाला. आवाजात राग नव्हता. असता तर तिला सोपं गेलं असतं.

तिनं स्वतःच चाकं फिरवून पाहिली. मैदानातली भुसभुशीत वाळू; चाकं जागच्या जागी रुतली. म्झे पुढून मोजत येत होते, प्रत्येकाच्या डोक्याला हात लावत. चाळीस. एक्केचाळीस. तोंड दाबून बुक्क्यांचा मार म्हणजे काय, ते कावाटाला त्या सावलीत बसून कळलं.

मॅडमच्या लक्षात आलं. त्या टॅबलेट घेऊन मैदान ओलांडून आल्या. “कावाटाताई, ही वाट तुम्ही मागितली होती. तुम्ही बरोबर रांगेत आहात ना? चुकून इकडं ठेवलं असेल तर मी ढकलते खुर्ची.”

रांगेतल्या माना वळल्या. सिमियूचा हात खुर्चीच्या मुठीवर होता, तो त्यानं काढून घेतला. अडवणार नव्हता तो. नालियाकानं मागं वळून पाहिलं नाही. तिच्या पाठीवरची धाकटी मात्र मान वाकडी करून कावाटाकडं बघत होती, तोंडात मूठ घालून. तिचं झबलं कावाटानंच शिवलं होतं. पलीकडं उन्हातली रांग पंचवीस पावलांवर होती. कुणी पंचवीस पावलं ढकलून देईल, पण परत घरी आणणारं त्या रांगेत कुणी नव्हतं. उद्या बादली घेऊन येणारंही नव्हतं.

“ताई, कुठल्या रांगेत?” मॅडमनी पुन्हा विचारलं.

“जिथं ठेवलंय तिथं,” कावाटा म्हणाली.

मॅडम बाजूला झाल्या. मग म्झे आले आणि त्यांनी कावाटाच्या डोक्यावर हात ठेवला. “अठ्ठावन्न.”

नाही म्हणणारे जिंकले. फार मोठ्या फरकानं. ती पलीकडं गेली असती तरी काही बिघडलं नसतं, हे नंतर तिला बऱ्याच जणांनी सांगितलं.

परतताना सिमियू खुशीत होता. गल्लीत समोरून येणाऱ्यांना ओरडत होता, “बाजूला व्हा, राणीसरकार येतायत.” दारात तिला उतरवून त्यानं घाम पुसला. “बघ, उगाच घाबरत होतीस. आम्ही आहोत ना. वाट कशाला हवी? उद्या किती वाजता येऊ?”

“सहाला,” कावाटा म्हणाली.

“सहाला कसं जमेल? पाणी असतं माझं. आठाला येतो.”

“बरं,” ती म्हणाली. “आठाला ये.”